लाल टोपी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मॅचला माझं काम एवढंच: टीव्हीवर जाहिराती चालू असेपर्यंत खेळ थांबवून धरायचा. डोक्यावर लाल टोपी, कानाला हेडसेट, शेजारी सेकंद उलटे मोजणारं घड्याळ. स्टेडियमबाहेरच्या टीव्हीच्या ट्रकमधून प्रोड्युसर ‘ब्रेक’ म्हणाला की साइडलाइनवरून चार पावलं आत जायचं आणि छातीवर हातांची फुली करायची. ती सुटेपर्यंत रेफरी शिट्टी वाजवत नाही.

हे नागपूरला फोनवर आईला समजावताना माझी पुरेवाट झाली. “म्हणजे जाहिरात संपेस्तोवर खेळाडू नुसते उभे?” हो, नुसते उभे. क्रिकेटमध्ये ओव्हर संपली की जाहिरातीला आपसूक जागा मिळते. इथे टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेणं, कधी होईल, बॉल दुसऱ्या टीमकडे कधी जाईल, काही नेम नाही. म्हणून जागा करून द्यायला माणूस लागतो. घड्याळावरचा साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तासांच्या घरात जातो, त्यात माझाही हातभार. नोव्हेंबरच्या थंडीत लोक माझी हुर्यो उडवतात, आणि मला ते पटतंही.

यार्ड मोजायची साखळी धरणारे एक आजोबा म्हणाले होते, “तुझी नोकरी सुप्रीम कोर्टानं लावलीय.” ते खरंच आहे. कॉलेजच्या किती आणि कुठल्या मॅच टीव्हीवर दाखवायच्या, हे पूर्वी एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, 1984 मध्ये 7 विरुद्ध 2 असा निकाल लागला आणि ती मक्तेदारी गेली. आता शनिवारी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मॅचच मॅच, आणि जिथे टीव्ही तिथे लाल टोपी.

तर आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियममधली माझी पहिली मॅच. स्टेडियमला लागूनच लहान मुलांचं उंच हॉस्पिटल. 2017 पासून इथे पहिला क्वार्टर, म्हणजे पाव खेळ, संपला की सगळे प्रेक्षक वळून त्या खिडक्यांकडे हात हलवतात. मला हे माहीत होतं. ते नेमकं माझ्या ब्रेकमध्ये येणार, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

क्वार्टर संपला. मी फुली केली. जवळपास सत्तर हजार लोक एका बाजूला वळले, हात वर गेले. खेळाडू हात हलवतायत, साखळीवाले आजोबा साखळी सोडून हलवतायत, रेफरीसुद्धा. वरच्या एका खिडकीत कोणीतरी पिवळं कापड जोरजोरात फिरवत होतं. आणि सगळ्यांच्या मधोमध मी, रुसून बसलेल्या जावयासारखा हात बांधून.

राहवेना. एक हात सोडवला आणि हलवला.

रेफरीचं लक्ष माझ्याकडे होतंच, त्याला पगारच त्याचा मिळतो. अर्धी फुली बघून तो गोंधळला आणि त्यानं शिट्टी ओठांशी नेली. त्याच क्षणी कानात प्रोड्युसर किंचाळला, “चाळीस सेकंद आहेत अजून!” मी झटक्यात हात परत छातीवर आपटला, इतका जोरात की हेडसेटचा माइक वाकडा झाला. शिट्टी खाली आली.

हाफटाइमला आत जाताना रेफरी माझ्यापाशी क्षणभर थांबला. मी बोलणी खायच्या तयारीत.

“पुढच्या वेळी,” तो म्हणाला, “मान हलव. टोपी लाल आहे, दिसेल त्यांना.”