बटण मेलं नव्हतं

मंगळवार, रात्री उशिरा

काकांचं एक वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाही. "अगं, तुझं ते 'जमा करा' बटण मेलंय." तक्रारीचा सूरही नव्हता. चारदा दाबलं म्हणे, मग चहा घेतला, मग परत दाबलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

बटण धडधाकट होतं. मी बनवलेल्या ऑनलाइन अर्जाच्या फॉर्मला चार टॅब, म्हणजे वरच्या पट्टीतली चार नावं, दाबलं की आपापला भाग (पॅनेल) उघडणारी: वैयक्तिक, पत्ता, बँक, कागदपत्रं. काका शेवटच्या टॅबवर आणि पिनकोड राहिलेला दुसऱ्यावर. पिनकोडला रिक्वायर्ड, म्हणजे भरलाच पाहिजे अशी खूण, लावलेलं आणि ते पॅनेल डिस्प्ले-नन, म्हणजे पानावरून लपवलेलं. लपलं म्हणून तपासणीतून सुटत नाही. ब्राउझरला ते रिकामं सापडतं, तो तिथे कर्सर नेऊन सूचनेचा फुगा दाखवायला जातो, पण लपलेल्या फील्डवर (भरायच्या रकान्यावर) फोकस, म्हणजे कर्सर, जातच नाही. मग फॉर्म अडवायचा आणि गप्प बसायचं. क्रोम ब्राउझर कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या नोंदींच्या खिडकीत, तेवढी एक ओळ खरडतो. काका कन्सोल उघडून बसलेत अशी त्याची समजूत असावी.

काहीच झालं नाही, म्हणाले. हे "काहीच" फार लागलं.

कारण बाकी सगळं मी किती जपून केलं होतं! निवडलेल्या टॅबला टॅबइंडेक्स (कीबोर्डची टॅब कळ कुठे थांबेल ते ठरवणारा आकडा) ०, इतरांना उणे १. त्यामुळे टॅबची कळ पट्टीत एकदाच थांबते आणि पुढच्या दाबाला थेट पॅनेलमध्ये उतरते. आपसांत फिरायचं ते बाणांनी, टोकं गाठायची होम आणि एन्डने. बँकेचं पॅनेल सर्व्हरवरून येतं, म्हणून तिथे नुसत्या बाणाने ते उघडत नाही, एंटर किंवा स्पेस लागतो. निवडलेला टॅब फक्त रंगाने ओळखायची वेळ येऊ नये म्हणून खाली जाड रेघ, पार्श्वभूमीशी ३:१ पेक्षा जास्त कॉन्ट्रास्टची (उजळ-गडद फरकाची). नाव ठळक झालं की रुंदी वाढून शेजारचे टॅब सरकतात, तर ठळक अक्षरांची जागा आधीच राखलेली. इंग्रजी डिझाइनमधून आलेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) काढलं, त्याने शिरोरेषेचे तुकडे होतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ वरून १.६ केली, नाहीतर ओव्हरफ्लो-हिडनमध्ये (चौकटीबाहेरचं झाकणाऱ्या सेटिंगमध्ये) 'वैयक्तिक'च्या वरच्या मात्रा छाटल्या जातात. दोन मात्रांसाठी अर्धा दिवस घातला मी. कौतुक सोडा, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि पिनकोड...

ताई म्हणाली होतीच. जाऊ दे.

संध्याकाळी दुरुस्तीला बसले आणि पहिल्याच झटक्यात गाढवपणा केला. लपलेल्या पॅनेलचा फील्डसेट (फील्डांचा गठ्ठा) डिसेबल, म्हणजे बंद, केला. अडथळा गेला, फॉर्म पाठवला गेला, पण डिसेबल फील्ड पाठवलीच जात नाहीत. कागदपत्रं पोचली, नाव-पत्ता गायब. हे काकांच्या वाट्याला आलं असतं तर बटण जिवंत आणि अर्ज मेलेला.

मग नीट केलं. फॉर्मला नोव्हॅलिडेट, म्हणजे ब्राउझरची आपोआप तपासणी बंद, ती आपल्या हातात. 'जमा करा'वर पहिलं इनव्हॅलिड (चुकलेलं किंवा रिकामं) फील्ड शोधायचं, त्याचं पॅनेल उघडायचं, मगच त्या फील्डवर रिपोर्ट-व्हॅलिडिटी, म्हणजे सूचनेचा फुगा दाखवायची आज्ञा. क्रम उलटा झाला की परत तीच शांतता. नुसतं 'इनव्हॅलिड' असं शोधलं तर आधी फील्डसेटच हाती लागतो, कारण आत एक फील्ड चुकलं की अख्खा फील्डसेट इनव्हॅलिड ठरतो. म्हणून इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया अशी फील्डच्या प्रकारांची नावं घेऊन शोधायचं. आणि टॅबच्या नावापुढेच लिहायचं: 'पत्ता, १ राहिलंय'. लाल ठिपका नको, काका त्याला सजावट समजतील.

खरं तर इथे टॅब घालायलाच नको होते. कुठलाही एक भाग उघडला तरी काम भागतं तिथे टॅब शोभतात: खात्याची सेटिंग्ज, एखाद्या रुग्णाचे रिपोर्ट. इथे चारही भाग भरावेच लागतात. मग 'पुढे' बटणाच्या पायऱ्या कराव्यात, नाहीतर सरळ एक लांबलचक पान. लांब पान दिसायला गबाळं असतं, पण त्यात पिनकोड लपत नाही. मला मात्र चार टॅबची ती नेटकी पट्टी हवी होती. कुणाला दाखवायला, कोण जाणे.

पायऱ्या पुढच्या महिन्यात. काकांना उद्या सांगायचंय की बटण बरं झालंय, आजार पत्त्याला होता. ते हसतील आणि सहाव्यांदा दाबतील.

'१ राहिलंय' मावण्यात ३६० पिक्सेलच्या स्क्रीनवर शेवटचा टॅब कडेला कापला गेलाय, नुसतं 'कागदप' दिसतं. आधी जीव हळहळला. मग लक्षात आलं, अर्धवट नाव दिसलं तरच माणूस पट्टी सरकवून बघतो. नेमकं शब्दाच्या शेवटी कापलं असतं तर पुढे काही आहे हे कळलंच नसतं. तसंच ठेवलंय. कुणी विचारलं तर मुद्दाम केलंय म्हणणार आहे.