चंदगडचा सातबारा

पोटगीच्या केसमध्ये कलमं नंतर, आधी नवरा खरंच किती मिळवतो ते हुडकणं हेच काम. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनीही उत्पन्न-संपत्तीचं अफिडेविट द्यायलाच पाहिजे, पण ते भरताना लोक असे गरीब होतात की विचारू नका.

ह्या नवऱ्याचं अफिडेविट: बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, महिना पगार १४ हजार, आरटीसीला (म्हणजे कर्नाटकचा सातबाराच) वडलांची सव्वा एकर कोरडवाहू, संपलं. आमची क्लायंट खानापूरकडची, मूलबाळ नाही, चहा पिता पिता सहज बोलून गेली, "ऊस घालतात की ते, चंदगडकडं."

आता बेळगावात बसून सगळे वकील कर्नाटकचा आरटीसी बघतात आणि फाईल मिटवतात, बॉर्डरपलीकडचा सातबारा वेगळ्या वेबसाईटवर असतो हे सुचतच नाही कुणाला. गाव तिला माहीत होतं, आडनाव टाकलं, १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला तर आईकडून आलेली दोन एकर ह्याच्याच नावावर आणि पीकपाहणीत ऊस!

मेडिएशनला तो टेबलावर ठेवला. त्यांचे वकील म्हणे ती जमीन महाराष्ट्रातली, इथं कशाला. अहो, अफिडेविट सगळ्या संपत्तीचं असतं, तालुक्याचं नाही. एकरकमी पोटगीचा तीन लाखांवर अडलेला आकडा आठवर आला. त्यातही सासरी राहिलेलं पाच तोळे सोनं आठमध्येच धरा म्हणत होते, ते मी होऊ दिलं नाही, स्त्रीधन तिचंच, ते पोटगीत कसं येईल.

मला बारा पाहिजे होते. कोर्टात पगाराच्या २५ टक्क्यांचा अंदाज धरतात, म्हणजे साडेतीन हजार महिना, पण त्यावर उसाचं उत्पन्न होतंच आणि अफिडेविट खोटं म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ च्या, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीच्या, अर्जावर चांगला धरला असता त्याला. ती म्हणाली, "दर महिन्याला त्याच्यामागं कोण फिरतंय मॅडम? ऊसबिल आलं नाही म्हणतील आणि मी हेलपाटे मारत बसू." खोटं नव्हतं, थकलेली पोटगी वसूल करायची म्हणजे परत अर्ज, परत वॉरंट, आणि पोलीस गेले की हा नेमका गावात नसणार.

शेवटी आठवरच संमतीनं घटस्फोट ठरला. त्यात कोर्टापुढं दोनदा अर्ज होतो, त्याला मोशन म्हणतात; निम्म्या रकमेचा डीडी पहिल्या मोशनला मिळाला, निम्म्याचा दुसऱ्या मोशनला. सिनियर खूश, मॅटर क्लोज. एकमेकांवरच्या सगळ्या तक्रारी सोडल्या ही अट मीच टाईप केली, म्हणजे खोटं अफिडेविट त्याला पचलंच. दोन एकर उसाला आठ लाख कमीच झाले असं मला अजून वाटतं, क्लायंटला नाही.