बार्बाडोस: आई पहिल्यांदा खोल पाण्यात उतरली

आम्ही मूळचे गुहागरचे. समुद्र अगदी परसात, पण आई आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. पाणी ओढून नेतं हे तिला लहानपणापासून बजावलेलं आणि ते खरंही आहे. त्यामुळे डिसेंबरात ती न्यूजर्सीला आमच्याकडे आली तेव्हा मी ठरवलं, की आईला बिनधास्त पोहता येईल असाच बीच शोधायचा, हॉटेल कसं का असेना.

म्हणून कॅरिबियनमधलं बार्बाडोस निवडलं. पण ते नीट समजून घ्यावं लागतं. बेट लहान, जेमतेम ३४ किलोमीटर लांब, पण दोन किनारे म्हणजे दोन वेगळे समुद्र. वारा कायम पूर्वेकडून, त्यामुळे पूर्वेला बाथशेबाला लाटा थेट अटलांटिकवरून येऊन आदळतात, तिथे सर्फिंगवाले जातात, आपण फक्त खडकांवर बसून बघायचं. पश्चिमेला बेटाचाच आडोसा, म्हणून पाणी शांत. आम्ही नैऋत्येला ब्रिजटाऊनच्या कार्लाइल बेमध्ये ब्राउन्स बीचवर गेलो. तरी रोज आधी लाइफगार्डला विचारायचो आणि झेंडा बघायचो, लाल असेल तर विषयच संपला.

अजून एक, हे लक्षात ठेवाच. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात आणि ती विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. बऱ्याच झाडांच्या बुंध्याला लाल पट्टा मारलेला असतो. मुलं बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

आता आईचं. तिसऱ्या दिवशी आम्ही स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायची, बोट घेतली. या खाडीत पाण्याखाली सहा बुडालेल्या बोटी आहेत, त्यातली बर्विन ही फ्रेंच टगबोट (मोठी जहाजं ओढणारी बोट) १९१९ मध्ये बुडालेली, आणि इतक्या उथळ पाण्यात आहे की आपण वर तरंगत असतानाच खाली दिसते. आईने लेगिंग-टीशर्टवर लाइफ जॅकेट घातलं, गाइडने पट्टे दोनदा ओढून बघितले, आणि ती शिडीवरून उतरली पण माझं मनगट काही सोडेना, तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतत होत्या. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर काढलं. म्हणाली, "अगं, माझाच श्वास केवढा मोठा ऐकू येतोय!" मी म्हटलं, "आई, तो ऐकत राहा, बाकी काही करू नकोस."

दुसऱ्या वेळी तोंड आत गेलं ते बराच वेळ वर आलंच नाही. खाली बर्विनचा सांगाडा, त्यावर प्रवाळ, मधून पिवळे-काळे पट्टेवाले मासे, आणि मग डाव्या बाजूने एक कासव अगदी सावकाश आमच्या खालून गेलं, श्वास घ्यायला वर आलं, नाक बाहेर काढलं, परत खाली. कासवाला हात लावायचा नाही हे गाइडने आधीच सांगितलं होतं. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की मनगट मोकळं आहे. आई दोन हात पसरून एकटी तरंगत होती.

संध्याकाळी केन्सिंग्टन ओव्हल बाहेरून बघून आलो, २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप आपण जिंकला ते मैदान. पण आईचं लक्ष तिथे नव्हतंच. गाडीत बसल्या बसल्या विचारते, "उद्या बोट किती वाजता?"