अंदमानात आजी-आजोबा आणि नातवंडं

अंदमानचा बेत आखताना ट्रॅव्हलवाले पहिल्यांदा विचारतात, "किती रात्री?" घरातली वयस्कर माणसं आणि शाळकरी पोरं एकत्र नेणार असाल, तर हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की बोटीत चढायचं कसं आणि जो चढणार नाही त्याने थांबायचं कुठे. आमच्यात गुडघे दुखणाऱ्या सासूबाई होत्या, उभा जन्म रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी काढलेले माझे वडील, म्हणजे आप्पा, होते, सात वर्षांची लेक होती आणि नववीतला भाचा. सगळ्यांनी सगळं बघायचं हा हट्ट आम्ही घरीच ठेवून निघालो. सहल भांडणाशिवाय पार पडली ती त्यामुळेच, असं माझं ठाम मत.

घड्याळाचं आधी सांगते. अंदमान मुंबईपेक्षा सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे, पण वेळ भारताचीच. म्हणजे सूर्य साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही तसाच आधी. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त. दुपारी जेवून ताणून दिली की दिवस गेलाच. पहाटे चारला उठून चहाची वाट बघणाऱ्या ज्येष्ठांना मात्र हे वेळापत्रक फार मानवतं. त्रास होतो तो नववीतल्यांना.

सगळ्यात दमवणारा दिवस बाराटांग बेटाचा. पोर्ट ब्लेअरहून (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम) रात्रीच निघावं लागतं, कारण जिर्काटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरावीक वेळांनाच ताफ्याने सोडतात. पुढचा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला खायला द्यायचं नाही. नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. माणसं बघायला म्हणून कुणी या रस्त्याने जाऊ नये. मुलांना आदल्या रात्रीच हे नीट समजावून ठेवा. आणि नाक्यावरच सगळ्यांचं बाथरूम उरकून घ्या, मग हवी तिथे गाडी थांबत नाही. ओळखपत्रं मूळ प्रतीत जवळ हवीत, आजोबांची आणि लहानग्यांचीसुद्धा.

मिडल स्ट्रेटच्या धक्क्यावर गाडीतून उतरून मोठ्या फेरीबोटीने पलीकडे जायचं, तिथून लाइफ जॅकेट घालून स्पीडबोट. अर्ध्या तासाची ही बोट म्हणजेच खरी सहल. शेवटी खाडी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंची खारफुटी डोक्यावर मिटते आणि बोटवाला इंजिन हळू करतो. चिखलात रोवलेली कमानदार मुळं हाताच्या अंतरावर येतात. हात मात्र आतच ठेवायचा, या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. आप्पा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "कांदळच की हे! आमच्याकडे तोडून तोडून बुटकं राहिलं, इथे त्याला वाढू दिलंय." मग त्यांनी नातीला मुळं वर का येतात ते सांगितलं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास वरून घेतं.

बोटीतून उतरल्यावर चुनखडीच्या गुहेपर्यंत साधारण दीड किलोमीटर चालायचं आणि तितकंच परत. वाट जंगलातली, मुळांची, चढउताराची. गुडघेवाल्यांनी इथे मोह टाळावा. सासूबाई आणि माझा नवरा धक्क्याजवळ सावलीत बसले. असं थांबणाऱ्यांनी बसायला एखादी घडीची चटई आणि पुरेसं पाणी न्यावं. गुहेत अंधार आणि दमट उकाडा. वरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचत साचत हे खांब झालेत. हात लावू नका, असं वाटाड्या बजावतो, कारण बोटांचा तेलकटपणा बसला की तिथली वाढ थांबते. भाच्याने इथे पहिल्यांदा मोबाइल खिशात घातला. जवळच्या चिखलाच्या ज्वालामुखीला वेळ नसेल तर खुशाल सोडा. कुंपणाआड बुडबुडे येणारा राखाडी चिखल आहे, आणि मुलांना लाव्हा हवा असतो.

या दिवसानंतरचा दिवस मोकळा ठेवा. ट्रॅव्हलवाले लगेच सकाळची हॅवलॉक बेटाची फेरी लावतात, ती बदलून घ्या. फेरीत खालच्या मजल्यावर मधल्या भागात बसलं की कमी हलतं. उलटीची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, पण ज्येष्ठांना बीपी-शुगरची औषधं असतील तर घरूनच डॉक्टरांना विचारून.

हॅवलॉकचा (स्वराज द्वीप) राधानगर किनारा तिन्ही पिढ्यांना एकत्र जमला तो असा एकच. पांढरी मऊ वाळू, मागे उंच झाडांची दाट सावली, बसायला जागा. चारच्या आत पोचा. पोहायचं ते आखून दिलेल्या भागातच, आणि मगरीचे फलक गंमत म्हणून लावलेले नाहीत. एलिफंट बीचला आम्ही दोघे मुलांना घेऊन गेलो, आप्पा आणि सासूबाई हॉटेलात पत्ते खेळत बसले. कोण हरलं ते दोघेही सांगत नाहीत.

माझ्या मते वयस्कर माणसांसाठी सगळ्यात चांगलं बेट नील, म्हणजे शहीद द्वीप. अंतरं लहान, गर्दी कमी. भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट मिळते. पाण्यात न उतरता प्रवाळ दिसतो. सूर्य डोक्यावर असताना जा, तळ स्वच्छ दिसतो. एका खडकात मोठा शिंपला उघडा होता, आत निळी-जांभळी मखमली कड. आमच्या बोटीची सावली पडली आणि तो चट्‌कन मिटला. सासूबाई काचेवर वाकून म्हणाल्या, "अगोबाई, लाजला!" बोटवाल्याने त्यांच्यासाठी पुन्हा एक फेरी मारली.

इथला नैसर्गिक पूल, जुन्या प्रवाळाच्या दगडात लाटांनी कोरलेली कमान, फक्त ओहोटीला बघायचा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे कोकणातलं गणित आप्पांनी मांडलं. जुळलं नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरती वेगळी. वेळ हॉटेलवाल्याला विचारा. खडक शेवाळलेले आहेत, तेव्हा मागे पट्टा असलेल्या रबरी चपला सगळ्यांना हव्यात. डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, चिमुकले मासे सापडतात. आप्पा काठी टेकत पहिल्याच डबक्यापाशी थांबले आणि लेक पूल सोडून तिथेच रमली.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका. ते बाहेर न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. लेकीच्या खिशातून निघालेले तुकडे आम्ही किनाऱ्यावरच परत टाकायला लावले, थोडं रडूही झालं.

मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरलाच. रोजच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा आणि हॅवलॉक-नीलला जाण्याआधी रोख पैसे काढा. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. त्या आदल्या दिवशी सेल्युलर जेल बघून होतं.