फाटक्या पंखाच्या गरुडाने माझा आकडा पाडला

मागच्या वेळी स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या मोजणीत ४१२ चा आकडा मिरवला होता ना, तो परत घेतोय. सगळा नाही, सकाळचा भाग ठीक आहे, पण दुपारचा गेला. आणि हे उघडकीला आणलं एका स्टेप ईगलने, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या एका गरुडाने.

रविवारी वर शिखरावर पोचलो तेव्हा आकाश स्वच्छ निळं, म्हणजे मोजणाऱ्याची वाट लागली. उंचावरचे ठिपके त्या निळ्यात विरघळतात, मागे थोडा ढग असला की कसे टिपून घेता येतात. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, उठायला साडेनऊ वाजले, मग पहिली केटल, म्हणजे त्या हवेत घिरट्या घालत चढणारा थवा, २३ स्टेप, २ बझर्ड (तेही शिकारी पक्षीच), आणि एकटाच एक पांढुरका भोवत्या (पॅलिड हॅरियर), नर, पंखाच्या टोकाला ती काळी पाचर, इतका खालून गेला की क्लिकर, म्हणजे हातातलं मोजणी यंत्र, दाबायचंच विसरलो. वहीत नंतर लिहिला.

दुपारी एकनंतर गर्दी. १:१० ला एक तरुण स्टेप डोक्यावरून गेला, पंखाखालचा पांढरा पट्टा ठळक आणि डाव्या पंखाची दोन पिसं गायब, फणीचे दात पडल्यासारखी फट. फोटो घेतला. १:३५ ला तसाच अजून एक, मी मनात म्हटलं आज सगळे फाटकेच येतायत. १:५० ला तिसरा आला तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तिन्ही फोटो शेजारी लावले, तीच फट, तीच जागा. पक्षी एक, क्लिकरवर तीन!

आता कारण लक्षात आलंय. दुपारी वारा फिरून समोरून येतो, पक्षी खिंडीपर्यंत जातात, तिथे पुढे उचल मिळत नाही, मग उताराच्या पलीकडून खाली सरकत परत येतात, म्हणजे माझ्या पाठीमागून, आणि पुन्हा त्याच थर्मलमध्ये घुसतात. त्यात हंगाम संपत आलाय, मोठे गरुड वीण उरकायला कधीच पुढे गेले, आता उरलेत ती पोरं. प्रौढ व्हायला त्यांना चार-पाच वर्षं लागतात, घाई कसली, समोर वारा लागला की वळली मागे.

केटलमध्ये असताना मोजायचं नाही, घिरट्या सोडून रांगेने ग्लाइड करत, म्हणजे पंख न हलवता तरंगत, निघाले की मोजायचे, हे तर आपण सगळे पाळतोच. पण ते पुरत नाही ना. म्हणून आता शिखरावरच्या दगडाच्या ढिगापासून समोरच्या धारेवरच्या वठलेल्या झाडापर्यंत एक काल्पनिक रेघ धरलीये, उजव्या हातात जाणाऱ्यांचा क्लिकर, डाव्या हातात परतणाऱ्यांचा, शेवटी वजाबाकी. सोमवारी दोन तासांत ६१ गेले, ३८ परतले. उरले २३. जुन्या पद्धतीने मी ६१ लिहून खुशीत खाली उतरलो असतो. मेक्सिकोतले वेराक्रूझवाले एका हंगामात ४० लाखांवर पक्षी मोजतात आणि मला इथे ६१ झेपेनात.

जुन्या दुपारींचं काय? आधी वाटलं सगळ्यांना ठरावीक टक्के कात्री लावावी. पण प्रत्येक दिवसाचा वारा वेगळा, ती कात्री म्हणजे पुन्हा अंदाजच. आकडे तसेच ठेवून समोर ‘दुपार संशयास्पद’ लिहिलंय.

क्लिकरबद्दल, फोनवरचं ॲप घेऊ नका, हातमोज्यात चालत नाही आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही. प्लास्टिकचा क्लिकर पण नको, माझा एका दाबात दोन पुढे जातो, म्हणजे आकडा फुगायला गरुडाचीही गरज नाही. धातूचाच घ्या. आणि १० बाय ४२ च्या दुर्बिणीचा हट्ट धरणाऱ्यांनो, अख्खा दिवस आकाश चाळायचं तर ८ बाय ४२ च बरी, मान आणि हात दोन्ही वाचतात, ओळख पटवायला स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, आहेच की.

खरं तर ठरलं होतं की शनिवारी एकाला खिंडीत बसवायचं, वॉकीटॉकी देऊन. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की कशाला, तिथून रेघ दिसणारच नाही आणि त्याचे-माझे पक्षी जुळवता जुळवता संध्याकाळ होईल. त्यापेक्षा दोघांनी शिखरावरच पाठीला पाठ लावून बसायचं, एकाने फक्त मागे बघायचं. शिवाय फाटक्या पंखांची वेगळी वही करायची, कुठलं पीस नाही, किती वाजता, फोटो नंबर, म्हणजे कोण किती चकरा मारतो ते तरी कळेल.

शनिवारी मागे तोंड करून बसायला कोण येतंय? कंटाळवाणं काम आहे, आधीच सांगतो. आणि स्वतःचा क्लिकर आणा, माझा डाव्या हातातला तो प्लास्टिकवालाच आहे.