यादीत नाव नाही

"तुमचं नाव दिसत नाही इथे," एवढं म्हणून तो पोरगा शेजारच्या दाराकडे वळला.

ताईने काल फोनवर सांगितलं. अमेरिकेत तिला १९ वर्षं झाली, टॅक्स वेळच्या वेळी भरते, ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून उभीच आहे. प्रचाराचं पत्रक त्याने आधी पुढे केलं होतं. मग मतदार यादीवरून बोट फिरवलं आणि हात हळूच मागे घेतला. "पत्रकसुद्धा दिलं नाही रे. आणि वर मोठ्या अक्षरात इमिग्रेशनच लिहिलेलं."

तो मागे गेलेला हात काही डोक्यातून जाईना. ज्याला मतच नाही, त्याच्या रांगेची काळजी कोणता उमेदवार करेल?

न्यूझीलंडमध्ये कायमच्या रहिवाशांना १९७५ पासून संसदेसाठी मतदान करता येतं, नागरिकत्व नसलं तरी. खुद्द अमेरिकेतही अनेक राज्यांत पूर्वी नागरिक नसलेले मत द्यायचे. आर्कान्सात ते सगळ्यात शेवटी, १९२६ मध्ये थांबलं.

दुसरी बाजूही आहे. नव्यांना लवकर मत मिळणार म्हटलं की जुने मतदार बिचकतात, दार अरुंद करा म्हणतात. आखाती देश लाखो कामगार आत घेतात, पण त्यांना मत मिळणारच नसतं, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही. मग त्या कामगारांसाठी बोलणार कोण? मला तरी वाटतं, इतकी वर्षं राबलेल्या माणसाला निदान स्थानिक निवडणुकीत मत हवंच.

ताईची लेक तिथेच जन्मली. पुढच्या वर्षी अठराची होईल. तेव्हा तो पोरगा पुन्हा आला, तर पत्रक कोणाच्या हातात देईल?