नवी सायकल, रत्नागिरीचे चढ: पहिली नोंद

गणपती विसर्जनानंतर सायकल घरी आली आणि आता कलमांना मोहर धरू लागलाय. मधल्या काळात ती मंडईत गेली, कचेरीला गेली, मिरकरवाड्याला मासे आणायला गेली, पावसला आत्याकडे गेली आणि एकदा कशेळीच्या सड्यावरही, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावरही, जाऊन आली. हस्ताचा पाऊस, ऑक्टोबरचा चटका आणि थंडीतलं दव हे तिन्ही तिने खाल्लं. आता तिच्याबद्दल काही खात्रीने लिहिता येईल असं वाटतं.

आधी सायकल काय आहे ते. क्रोमोलीची (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची) फ्रेम, सस्पेन्शन नसलेला साधा पोलादी फोर्क, ७०० बाय ४० चे टायर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. पुढे ४४-३२-२२ दातांच्या तीन चकत्या, मागे आठ गिअरची ११ ते ३४ दातांची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच. हँडल मागे वळलेलं, त्यामुळे मनगटं सुखात राहतात. मडगार्ड आणि कॅरिअरसाठी फ्रेमवरच बोल्टची भोकं आहेत. ही एक गोष्ट मी घेताना हट्टाने पाहिली होती. सगळं लावून, स्टँड आणि दिवे धरून, वजन सोळा किलोच्या आसपास जातं.

सोळा किलो ऐकून बऱ्याच जणांच्या भुवया वर जातात. इतकी जड सायकल का, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहितेय, कारण किनाऱ्यावर रोज वापरायची सायकल निवडताना वजनाकडे बघण्याआधी सर्वांत लहान गिअर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सर्वांत कमी पुढे नेणारा गिअर, बघावा, असं माझं आता ठाम मत झालंय.

नकाशात किनाऱ्याचा रस्ता समुद्राला लागून जाताना दिसतो आणि बाहेरच्या माणसाला तो सपाट वाटतो. आपल्याला माहीत आहे तो कसा आहे. खाडी लागली की रस्ता समुद्रसपाटीला उतरतो, पूल ओलांडला की घाटी चढून जांभ्याच्या सड्यावर जातो, सडा संपला की पुन्हा पुढच्या खाडीत उतरतो. रत्नागिरीहून दक्षिणेला निघालं की भाट्याचा पूल, मग गोळपचा सडा, मग पावस, पुन्हा चढ, पूर्णगडची खाडी, पुन्हा चढ. उत्तरेला आरे-वारे तर सगळ्यांच्या फोटोंमुळे प्रसिद्धच आहे. त्या फोटोतला रस्ता किती उभा आहे हे पायांनाच कळतं. एका फेरीत एकही मोठा घाट नसतो, पण लहान-लहान उभ्या चढांची बेरीज मोठी होते, आणि प्रत्येक चढ तुम्ही उताराचा सगळा वेग पुलावर संपवून सुरू करता.

आता हिशेब. माझ्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. पुढे २२, मागे ३४ असताना पेडलचा एक पूर्ण फेरा सायकलीला साधारण १.४ मीटर पुढे नेतो. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पाच किलोमीटर. मी, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरा आणि चढ दहा टक्के धरा. या वेगाला साधारण १३० वॉट लागतात. नियमित सायकल चालवणारा माणूस हे दम न तुटता करू शकतो. आता आपली जुनी काळी सायकल घ्या, पुढे ४४ आणि मागे १८. एका फेऱ्याला पाच मीटरच्या वर जाते. पेडल अगदी रखडत, मिनिटाला ४० फेऱ्यांवर आणलं तरी वेग ताशी तेराच्या जवळ पडतो आणि त्याच चढाला ३३० वॉटच्या वर ताकद लागते. म्हणून आपले आजोबा घाटीत उतरून सायकल हातात धरून चालायचे. त्यांच्या पायांत जोर कमी नव्हता, गिअर मोठा होता.

आणि वजन? त्याच चढावर, त्याच ताशी पाचच्या वेगाला, तीन किलो कमी केले तर चार वॉट वाचतात. एवढंच. तीन किलो हलक्या सायकलीसाठी दुप्पट पैसे मोजायचे आणि सर्वांत लहान गिअर मात्र मोठा घ्यायचा, हे आपल्या भागात मला पटत नाही.

पुढे एकच चकती असलेल्या सायकलींचा सध्या बोलबाला आहे. त्यांची साफसफाई सोपी हे मान्य. पण मागे ४२ दातांपर्यंतची कॅसेट घेतली तरी माझ्या सर्वांत लहान गिअरची बरोबरी करायला पुढे २७ दात लागतील, आणि मग भाट्याच्या सपाट रस्त्यावर वारा पाठीशी असताना पाय नुसते फिरत राहतील. शिवाय आठ गिअरची चेन आणि कॅसेट स्वस्त असते आणि गावातही मिळते. आमच्या आळीतले मिस्त्री काका आयुष्यभर काळ्या सायकलींची चाकं सरळ करत आले. त्यांनी चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर खालीवर करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ह्या तीन चकत्या राहू देत. ह्या मला इथं जुळवता येतात." मला हे शिफारसपत्र पुरेसं आहे.

सामानाचा धडा पावसने शिकवला. आत्याच्या परड्यातले नारळ दर महिन्याला कुणीतरी आणायचे असतात. असोला, म्हणजे न सोललेला नारळ किलोच्या वर भरतो आणि सोलून न्यायला आत्या तयार नसते, कारण असोला टिकतो. पहिल्यांदा पोतं कॅरिअरवर आडवं बांधलं. सपाटीवर काही कळलं नाही, पण पावसची घाटी सुरू झाली तसं पुढचं चाक हलकं होऊन डावी-उजवीकडे भरकटू लागलं. वजन मागच्या ॲक्सलच्या मागे आणि उंचावर असलं की उभ्या चढावर असंच होतं. हल्ली कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे लटकणाऱ्या पिशव्या, लावते, नारळ दोन्हीकडे सारखे वाटते, जड ते तळाशी आणि होता होईतो पुढच्या अंगाला ठेवते. कॅरिअरवर फक्त हलकं, म्हणजे आत्याने दिलेली आमसुलं किंवा केळीची पानं. फरक इतका मोठा आहे की त्याच चढावर आता हँडल एका हाताने धरून घाम पुसता येतो. "अगं, एवढं घेऊन चढवेल का तुला?" असं आत्या अजूनही दर वेळी विचारते आणि मी गेटबाहेर वळेपर्यंत उभी राहते.

आता मीठ. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण सायकलीचा खरा शत्रू खारा वारा आहे, कारण तो बाराही महिने असतो. सायकल घरी आणल्या दिवशीच सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढून त्याला भरपूर ग्रीस लावलं होतं. सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा, फ्रेम पोलादी. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, म्हणजे ॲल्युमिनियम गंजायला सगळी सोय झालेली. तो गंज फुगतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत सीटपोस्ट फ्रेममध्ये असा अडकतो की शेवटी कापून काढावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत खळ्यात सायकल उलटी न करता भिंतीला टेकवली, क्लॅम्प सैल केला आणि सीटपोस्ट ओढला. आतला भाग स्वच्छ होता. पण क्लॅम्पच्या बरोबर वर, जिथे ग्रीस पुसलं गेलं होतं, तिथे पांढरट भुकटीची बारीक रेघ गोल धरलेली होती. नखाने खरवडली तर खाली धातूवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. एवढ्या थोड्या काळात! ती जागा पुसून पुन्हा ग्रीस लावलं, सीटपोस्टवर खूण केली आणि आता दर दोन महिन्यांनी सीटपोस्ट काढायचा हे कॅलेंडरवर लिहून टाकलंय. पेडलचे आटे, बाटलीच्या स्टँडचे बोल्ट, हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट यांनाही तोच न्याय.

धुण्याबद्दल एक विनंती. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा सायकलीवर मारू नका. पाणी चाकाच्या मधल्या हबमध्ये आणि पेडलचा आस फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटमध्ये घुसतं आणि आतलं ग्रीस निघून जातं. मिऱ्याच्या बंधाऱ्यावरून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर मी बादलीभर गोडं पाणी आणि जुनं फडकं घेते, वरून खाली पुसते आणि चेन कोरडी करून तेल देते. चेनचं तेल पावसात जाड आणि आता थंडीत पातळ; जाड तेल सड्यावरची लाल धूळ धरून ठेवतं आणि ती धूळ चेन आणि कॅसेट दोन्ही खाते. भाट्याच्या ओल्या वाळूवर भरतीच्या रेषेजवळून सायकल चालवायचा मोह फार होतो, वाळू तिथे घट्टही असते. पण चाकाचा हब खाऱ्या पाण्यापासून दूर ठेवायचा हा नियम मी त्या मोहापेक्षा वर ठेवलाय.

मासे आणतानाही हेच लक्षात ठेवते. बांगड्यांच्या पिशवीतून गळणारं पाणी थेट कॅरिअरच्या वेल्डिंगवर पडतं. पॅनिअरमध्ये झाकणाचा डबा ठेवला की प्रश्न मिटतो, आणि कोळणींनाही आता डबा पुढे केला की तो सायकलीचा आहे हे कळतं.

ब्रेकमध्ये एक बदल केला. सायकलीबरोबर आलेले रेझिनचे पॅड आवाज न करता छान धरायचे, पण हस्ताच्या पावसात जांभ्याचा लाल चिखल रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, बसून ते भराभर झिजले. पॅड आत सरकवण्याचा नॉब फिरवून फिरवून शेवटाला आला. मग मेटलचे पॅड घातले. ते थोडे किंचाळतात, ओले असताना जास्तच, पण टिकतात. घेण्याआधी रोटरवरची अक्षरं नक्की वाचा. काही रोटरवर फक्त रेझिन पॅड चालतील असं कोरलेलं असतं आणि त्यांवर मेटलचे पॅड लावले तर रोटरच झिजतो. पुढच्या मडगार्डला खाली जुन्या ट्यूबचा रुंद फ्लॅप बोल्ट लावून बसवलाय, जवळजवळ रस्त्याला टेकेल असा. चिखल चेनवर आणि पायांवर उडणं जवळपास थांबलं.

दिवे चार्जिंगचे आहेत. पावसाळ्याच्या शेवटाला संध्याकाळी गुरं गरम डांबरावर बसून राहतात आणि काळी म्हैस डांबरावर अजिबात दिसत नाही, म्हणून पुढचा दिवा दूर फेकणारा हवा.

कशेळीबद्दल लिहायलाच हवं, कारण त्या दिवशी ही सायकल पूर्णपणे माझी झाली. पहाटे निघाले, पावसला चहा घेतला, पूर्णगडला मुचकुंदीवरचा पूल ओलांडला, गावखडीच्या सुरूबनात थोडी थांबले आणि पुढचा चढ २२ च्या चकतीवर, गप्पा मारता येतील अशा श्वासात चढले. सड्यावर टायरमधली हवा कमी केली. डांबरावर मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय ठेवते. तिथे ३५ आणि ३० केली. ४० मिमीच्या टायरचा खरा फायदा तिथे कळतो. जांभ्याचे सुटे खडे टायरखाली दबून जातात, हँडल हाताला टोचत नाही आणि मागचं चाक घसरत नाही.

कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर लांबीचा आहे, त्याच्या रेषांच्या आत इतर प्राणी आणि मासेही कोरलेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. मोटारीने जाणारे थेट तिथे उतरतात. सायकलीने गेलं की तो हत्ती कुठल्या सड्यावर, कुठल्या दोन खाड्यांच्या मध्ये आहे हे आधी अंगाला कळतं, मग तो डोळ्यांना दिसतो. त्याच्या भोवती एक चक्कर मारायला मला बराच वेळ लागला. जाणाऱ्यांनी सायकल लांब लावावी आणि कोरीव रेषांवर पाय ठेवू नये. जांभा दिसायला दगड असला तरी कडा भुसभुशीत होतात.

येताना वारा समोरून होता, सावलीही नव्हती, आणि तरी पावसच्या घाटीत उतरावं लागलं नाही.

पुढची योजना उत्तरेची आहे. आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगडला जायचं, फेरीबोटीने तवसाळला उतरायचं आणि हेदवी, वेळणेश्वरवरून गुहागरला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी जमलं तर धोपावे-दाभोळ फेरी घेऊन दापोलीकडे. त्याआधी दुसऱ्या बाटलीचा स्टँड बसवायचा आहे आणि चेन किती ताणली गेलीय ते मोजायचं आहे, चेन मोजायच्या पट्टीवरची ०.७५ टक्क्याची खूण चेनमध्ये आत जायला लागली तर नवी चेन घालूनच निघेन, म्हणजे कॅसेट वाचेल. बॉटम ब्रॅकेट मात्र जूनमध्ये, मासेमारी बंद झाली की उघडेन. तेव्हा मिरकरवाड्याच्या फेऱ्याही थांबलेल्या असतील आणि मिस्त्री काकांनाही वेळ असेल.